लाल प्रकाशाचं यंत्र आणि उन्हाचा तास : मुलांच्या चष्म्याच्या नंबराबद्दल

(तरुणांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. एखादी गोष्ट चालते असं कोणी म्हणालं, की ती कोणावर तपासली, किती दिवस तपासली आणि बिघडली तर काय होतं, हे विचारणं माझं रोजचं काम. आज याच सवयीने एका वैद्यकीय विषयाकडे बघायचं आहे. विषय आहे लहान मुलांच्या चष्म्याचा वाढता नंबर, आणि तो रोखण्यासाठी होणारा प्रकाशाचा वापर.

हा विषय तुमच्यासमोर का? तुमच्यापैकी काही जण शिक्षक आहेत, काही जण आई-बाप झाले आहेत किंवा लवकरच होतील. आणि घरातला शिकलेला माणूस म्हणून खाला, चाची, शेजारच्या आपा तुम्हालाच विचारतात, "बेटा, मोबाइलवर अमुक मशीन बघितलं, मुलासाठी घेऊ का?" अशा वेळी "घ्या" किंवा "घेऊ नका" एवढं सांगून भागत नाही. का, तेही सांगता आलं पाहिजे.

आधी आजार समजून घेऊ. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण याला निकटदृष्टिता म्हणून शिकलो. डॉक्टर मायोपिया म्हणतात, घरात मायनस नंबर म्हणतात. जवळचं नीट दिसतं, फळ्यावरचं धूसर दिसतं. बहुतेक मुलांमध्ये याचं कारण एकच असतं. डोळा मागच्या बाजूला गरजेपेक्षा जास्त लांब वाढतो, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलावर पडण्याऐवजी त्याच्या पुढेच तयार होते. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने जास्त झाली, की नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो.

चष्मा लावला की दिसायला लागतं. मग एवढी काळजी कशाची? काळजी अशी की चष्मा प्रतिमा जागेवर आणतो, पण लांब झालेला डोळा आखूड होत नाही. डोळा जितका ताणला जातो तितकं आतलं दृष्टिपटल पातळ होत जातं. नंबर उणे सहाच्या पुढे गेला, तर पुढच्या आयुष्यात दृष्टिपटल सुटणं, त्याचा मधला भाग झिजणं, काचबिंदू होणं यांचा धोका वाढतो. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या नंबराचा हिशेब कधीकधी पन्नाशीत चुकवावा लागतो.

म्हणून डॉक्टर दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलतात. पहिली, नंबर लागूच नये, किंवा निदान उशिरा लागावा. दुसरी, लागलाच असेल तर त्याची वाढ मंद व्हावी. सातव्या वर्षी नंबर लागलेल्या मुलाच्या डोळ्याला वाढायला पुढे बरीच वर्षं मिळतात, तेराव्या वर्षी लागलेल्याला कमी. या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या लक्षात ठेवा. प्रकाशाबद्दलचे बरेच गैरसमज त्या एकत्र केल्यामुळे होतात.

प्रश्न किती मोठा आहे? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातली जवळपास निम्मी लोकसंख्या निकटदृष्टीची असेल. चीनमध्ये २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून जास्त, ५३.६ टक्के मुलं आणि किशोरवयीन या गटात निघाली. आपल्याकडे दिल्लीच्या शाळांमध्ये एम्सच्या डॉक्टरांनी जवळपास दहा हजार मुलं तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण १३.१ टक्के होतं. चीनच्या मानाने कमी आहे. म्हणजे आपल्याला अजून वेळ आहे.

आता आपल्याकडे लगेच म्हणतात, "अब्बूंना चष्मा आहे, म्हणून मुलाला लागला." यात तथ्य आहे, आनुवंशिकतेचा वाटा असतो. पण तेवढंच कारण असतं, तर दोन-तीन दशकांत प्रमाण इतकं वाढलं नसतं. माणसाची जनुकं इतक्या वेगाने बदलत नाहीत. बदललं ते मुलांचं जगणं.

याचे दोन पुरावे मला फार बोलके वाटतात. पहिला सिडनी आणि सिंगापूरचा. कॅथरीन रोझ, इयान मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही शहरांतल्या सहा-सात वर्षांच्या, चिनी वंशाच्या मुलांची तुलना केली आणि ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना मायनस नंबर होता, सिडनीत ३.३ टक्के. सिडनीतली मुलं पुस्तकं कमी वाचत होती असंही नाही. मोठा फरक एकच होता. ती आठवड्याला १३ तासांहून जास्त वेळ घराबाहेर असायची, सिंगापूरची मुलं जेमतेम तीन तास.

दुसरा पुरावा जेरुसलेमचा, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथल्या ज्यू समाजातल्या किशोरवयीन मुला-मुलींचे डोळे तपासले. धार्मिक शाळांमध्ये लहानपणापासून दिवसाचे कित्येक तास ग्रंथपठण करणाऱ्या मुलांपैकी ८१ टक्क्यांना निकटदृष्टिता होती. त्याच धार्मिक समाजातल्या मुलींमध्ये, ज्यांचा दिनक्रम वेगळा होता, ती ३६ टक्के होती. समाज तोच, फरक दिनक्रमाचा. हे उदाहरण मी मुद्दाम आपल्यासमोर ठेवते, कारण आपली मुलंही शाळा सुटल्यावर मकतबमध्ये बसतात. धर्मशिक्षण द्यावं की नाही हा इथे मुद्दा नाही. पुस्तक कोणतंही असो, डोळ्याला ते जवळचं कामच असतं. मुद्दा एवढाच की दिवसातले किती तास छताखाली जातात.

बाहेर असण्यात नेमकं काय आहे? खेळ, धावपळ, की लांब बघणं? प्राण्यांवरच्या प्रयोगांनी बोट दाखवलं ते प्रकाशाकडे. २००९ मध्ये जर्मनीत रेगन अ‍ॅश्बी, फ्रँक शेफेल आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग केला. पिलांच्या डोळ्यांवर धूसर आवरण घातलं की त्यांचा डोळा लांब वाढतो, हे आधीच माहीत होतं. त्याच पिलांना रोज थोडा वेळ आवरण काढून प्रखर प्रकाशात ठेवलं, तर ती वाढ कमी झाली. भरपूर उजेड मिळाला की दृष्टिपटलात डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याच्या वाढीला लगाम घालतं, असं आज बहुतेक संशोधक मानतात.

उजेड मोजायचं एकक आहे लक्स. घरातल्या ट्यूबलाइटखाली साधारण १०० ते ३०० लक्स असतात. चांगल्या वर्गखोलीत ५००. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा दहा हजारांच्या आसपास, आणि लख्ख उन्हात लाखापर्यंत. हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू सतत जुळवून घेतात. आपल्याला दोन्हीकडे "उजेड आहे" एवढंच वाटतं. डोळ्याच्या वाढीसाठी मात्र तो फरक पन्नास-शंभर पटींचा असतो.

मग प्रत्यक्ष मुलांवर काय दिसलं? चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळा निवडल्या. सहा शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला, सहा शाळांमध्ये नेहमीचंच वेळापत्रक ठेवलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नंबर लागला होता, मैदानाच्या तासाच्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना. म्हणजे शंभरातल्या नऊ मुलांचा नंबर त्या तीन वर्षांत टळला. औषध नाही, यंत्र नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

तैवानने हे सगळ्या देशासाठी केलं. २०१० पासून तिथल्या शाळांमध्ये रोज १२० मिनिटं मुलं बाहेर राहावीत असा कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी दहा वर्षं कमी दिसणाऱ्या शाळकरी मुलांचं प्रमाण वाढतच होतं. २०११ मध्ये ते ५० टक्क्यांवर पोचलं आणि मग उतरायला लागलं, २०१५ मध्ये ४६.१ टक्के झालं. उतार लहान वाटेल. पण वर्षानुवर्षं चढत गेलेला आलेख एका अख्ख्या देशात खाली वळला, ही साधी गोष्ट नाही.

तैवानच्याच पेई-चांग वू आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास आपल्यासारख्या गरम प्रदेशासाठी महत्त्वाचा आहे. त्यांनी मुलांच्या अंगावर उजेड मोजणारी उपकरणं लावली. झाडाखाली किंवा व्हरांड्यात मिळणारा हजार ते तीन हजार लक्सचा उजेडसुद्धा पुरेसा वेळ मिळाला तर उपयोगी पडतो, असं दिसलं. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात मुलाला भाजायची गरज नाही. सावली चालते, टोपी चालते. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण कोणीतरी उलटा अर्थ काढतं: सूर्याकडे बघायचं नाही, कधीच नाही. उजेडात असायचं, उजेडाकडे टक लावायची नाही.

हे झालं नंबर लागण्याआधीचं. आता दुसरी गोष्ट, लागलेला नंबर मंद करण्याची. इथे बाहेरच्या उजेडाचा पुरावा कमकुवत आहे. काही अभ्यासांत थोडा फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. बरेच लोक इथे गफलत करतात. मुलाला आधीच उणे तीनचा चष्मा आहे, आणि सांगतात की उन्हात खेळव, नंबर जाईल. नंबर जाणार नाही.

याच रिकाम्या जागेत लाल प्रकाशाचं यंत्र आलं. चीनमध्ये मंद डोळ्यावर, म्हणजे ज्याला आपण आळशी डोळा म्हणतो त्यावर उपचारासाठी अशी यंत्रं आधीपासून वापरात होती. ती वापरणाऱ्या मुलांच्या डोळ्यांची लांबी वाढत नाही, असं लक्षात आलं आणि मग पद्धतशीर चाचण्या सुरू झाल्या. दुर्बिणीसारखं दिसणारं टेबलावरचं यंत्र. मूल त्यात डोळे लावून ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाकडे तीन मिनिटं बघतं. दिवसातून दोनदा, मध्ये किमान चार तास सोडून, आठवड्यातले पाच दिवस. सगळं घरीच, आई-वडिलांच्या देखरेखीखाली.

२०२२ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ८ ते १३ वर्षांची २६४ मुलं. वर्षभरात नुसता चष्मा घातलेल्या मुलांचा डोळा सरासरी ०.३८ मिलिमीटरने वाढला, लाल प्रकाश घेणाऱ्यांचा ०.१३ मिलिमीटरने. नंबर एका गटात ०.७९ ने वाढला, दुसऱ्यात ०.२० ने. हा प्रभाव खूप मोठा आहे. चष्मे, थेंब, लेन्स यांतून इतका फरक सहसा मिळत नाही. त्या चाचणीत गंभीर अपायही नोंदला गेला नाही. वाचणाऱ्या कोणत्याही आई-बापाला वाटेल, एवढं स्पष्ट आहे तर वाट कशाची बघायची?

इथे माझा पेशा कामाला येतो. आमच्याकडे एखादा बदल शंभर लोकांना देऊन बघतात. कोणाचंच काही बिघडलं नाही तर सगळे खूश होतात. मग तो दहा लाख लोकांना देतात आणि पहिल्याच आठवड्यात दोनशे तक्रारी येतात. शंभरांत दिसलं नाही ते दहा लाखांत का दिसलं? कारण पाच हजारांत एकदा होणारी गोष्ट शंभर जणांत दिसतच नाही.

संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा हिशेब आहे, त्याला तीनचा नियम म्हणतात. एखाद्या गटात कोणालाही अपाय झाला नसेल, तर तीनला त्या गटाच्या संख्येने भागा. अपायाचं खरं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकतं, त्याचा हा ९५ टक्के खात्रीचा अंदाज. त्या चाचणीत लाल प्रकाश घेणारी मुलं होती साधारण १२०. तीन भागिले १२० म्हणजे ४० मध्ये एक. म्हणजे "एकालाही अपाय झाला नाही" या वाक्याचा खरा अर्थ असा, की अपाय ४० मध्ये एकापेक्षा कमी आहे. ४० मध्ये एक की ४० हजारांत एक, हे ती चाचणी सांगूच शकत नाही. तेवढ्यासाठी ती आखलेलीच नव्हती. फायदा शोधायला शंभर मुलं पुरतात. दुर्मीळ अपाय शोधायला हजारो लागतात, आणि वर्षंही जास्त लागतात.

आणि पुढे तसंच घडलं. २०२३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात चीनमधल्या १२ वर्षांच्या मुलीची नोंद आली. पाच महिने लाल प्रकाशाचा उपचार घेतल्यावर तिला दोन्ही डोळ्यांनी कमी दिसायला लागलं. तपासणीत दृष्टिपटलाच्या अगदी मधल्या भागाला, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो त्या भागाला, इजा झालेली दिसली. उपचार थांबवल्यावर काही महिन्यांत तिची नजर बरीच सुधारली, पण पूर्ववत झाली नाही.

एक मुलगी म्हणजे पुरावा नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून पुढचं बघू. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या लिसा ऑस्ट्रिन आणि अलेक्झांडर शिल यांनी अशी दोन यंत्रं प्रयोगशाळेत मोजली. दोन्ही लेसरची होती आणि दोन्ही सर्वांत सुरक्षित वर्गात मोडतात असं मानलं जात होतं. पण तीन मिनिटं सलग टक लावून बघितलं, तर दृष्टिपटलाला मिळणारा प्रकाश सुरक्षित मर्यादेपर्यंत पोचतो किंवा ती ओलांडतो, असं त्यांना आढळलं. लेसरच्या सुरक्षित वर्गाची कल्पना अशी असते की माणूस चुकून बघेल, डोळे मिटेल, मान वळवेल. इथे तर मुलाला सांगितलंय, हलू नकोस, बघत राहा. २०२५ मध्ये चीनमधूनच आणखी एक अभ्यास आला. वर्षभर किंवा जास्त काळ हा उपचार घेतलेल्या मुलांच्या दृष्टिपटलाचं सूक्ष्म चित्रण केलं, तर मध्याजवळच्या शंकुपेशी इतर मुलांपेक्षा विरळ दिसल्या.

आणखी दोन गोष्टी. उपचार थांबवला की डोळ्याची वाढ पुन्हा जोर धरते, हे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात दिसलं. म्हणजे सुरू केलं तर सोडायचं कधी, हा प्रश्न उभा राहतो. आणि लाल प्रकाश नेमकं काय करतो, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. माकडांमध्ये लाल प्रकाशाने डोळ्याची वाढ मंदावते, तर कोंबडीच्या पिलांमध्ये उलट वाढते.

चीनच्या सरकारने काय केलं? तिथल्या औषध आणि उपकरण नियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये या यंत्रांना सर्वांत जास्त धोक्याच्या, तिसऱ्या वर्गात टाकलं. १ जुलै २०२४ पासून त्या वर्गाची परवानगी नसलेलं यंत्र बनवायला, आयात करायला किंवा विकायला बंदी आली. ज्या देशात हा उपचार जन्मला आणि जिथे त्याची गरज सर्वांत जास्त वाटत होती, त्याच देशाने हा लगाम घातला.

मग हा उपचार निकामी आहे का? मी तसं म्हणणार नाही. मोठ्या हॉस्पिटलांमध्ये, दृष्टिपटलाची वारंवार तपासणी करत, संशोधन चालू आहे आणि ते चालू राहिलं पाहिजे. कदाचित उद्या कमी ताकदीचं, सुरक्षित रूप सापडेल. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या घरातलं मूल त्या शोधाचं साधन होऊ नये, तेही कोणी नोंद ठेवत नसताना. आज कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: ऑनलाइन मागवू नका, हप्त्यावर घेऊ नका. आणि लाल बल्ब किंवा लेसर पॉइंटर लावून घरगुती प्रयोग तर मुळीच करू नका. त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

मुलाला आधीच नंबर असेल तर काय करायचं? पहिलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी आणि नंबर वाढत असेल तर दर सहा महिन्यांनी पुन्हा. नुसत्या दुकानातल्या मशीनवर नंबर काढून थांबू नका. दुसरं, चष्मा पूर्ण नंबरचा द्या. "कमी नंबरचा दिला तर डोळ्याला सवय होईल," हा समज घराघरांत आहे. मलेशियात २००२ मध्ये हे तपासलं. कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. तिसरं, वाढ मंद करण्यासाठी कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, खास बनावटीच्या चष्म्याच्या काचा, काही प्रकारच्या कॉन्टॅक्ट लेन्स असे पर्याय आहेत. त्यांचा फायदा लाल प्रकाशाएवढा डोळे दिपवणारा नाही, पण ते जास्त काळ आणि जास्त मुलांवर तपासले गेले आहेत. कोणता आपल्या मुलाला योग्य आणि कोणता खिशाला परवडेल, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

आणि मुलींबद्दल एक शब्द. "चष्मा लागला तर पुढे रिश्ते कसे येणार," म्हणून मुलीचा चष्मा दप्तरात ठेवायला सांगणारी घरं अजून आहेत. तिला फळा दिसत नाही, ती मागे पडते, आणि मग म्हणतात तिला शिकण्यात रस नाही. हे थांबवणं आपल्या हातात आहे.

आता आपल्या मोहल्ल्यांकडे वळते. इतका वेळ मी ग्वांगझू आणि तैवानबद्दल बोलले, पण तिथून घ्यायची वस्तू यंत्र नाही, वेळापत्रक आहे. आपल्या वस्तीतल्या आठ वर्षांच्या मुलाचा दिवस कागदावर मांडा. सकाळी शाळा, वर्गात खिडकी असेल तर नशीब. दुपारी जेवण, मग मकतब, मग ट्यूशन. मगरिबला घरी, मग मोबाइल. या मुलाच्या डोळ्यांना हजार लक्सच्या वरचा उजेड कधी मिळतो? शाळेत येता-जाता, दहा-पंधरा मिनिटं. मुलीचा दिवस मांडला तर आणखी कमी. दहा-अकरा वर्षांची झाली की "आता बाहेर खेळू नको" सुरू होतं. डोळा वेगाने वाढायच्या वयात तिच्या वाट्याचं आकाश आपण काढून घेतो.

यात आई-बापांना दोष देऊन चालणार नाही. दाट वस्तीत मैदान नाही, रस्त्यावर गाड्या आहेत, इमारतीच्या गच्चीला कुलूप आहे. सुरक्षिततेची भीती खरी आहे. म्हणून हा एकट्या घराचा प्रश्न नाही, सगळ्यांनी मिळून सोडवायचा प्रश्न आहे.

काय करता येईल ते सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असावं अशी अट आहे. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेला ते नसेल तर विचारणा करा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्यातून वगळलं आहे. त्यामुळे आपल्या संस्थाचालकांना कायदा दाखवता येणार नाही. पण मुलांच्या डोळ्यांसाठी असा निकाल लागलेला नाही, हे त्यांना सांगता येईल. मधली सुट्टी वर्गाबाहेर घालवायची, वर्ग रिकामा करायचा, एवढा नियम केला तरी खर्च शून्य आहे. तैवानने नेमकं हेच केलं. मकतबचे पहिले किंवा शेवटचे वीस मिनिटं सहन, व्हरांडा किंवा गच्चीवर घेता येतील. पाठांतर छताखालीच झालं पाहिजे असं कुठे आहे? सोसायटीची गच्ची संध्याकाळी पाच ते साडेसहा मुलींसाठी उघडी ठेवायची आणि दोन मोठ्या बायकांनी पाळीपाळीने बसायचं, हे एका बैठकीत ठरू शकतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात नजरेची तपासणीही असते. ते पथक आपल्या शाळेत शेवटचं कधी आलं, हे मुख्याध्यापकांना विचारा.

आणि एक काम माझ्या पेशाचं. तुमच्या बऱ्याच फोनमध्ये उजेड मोजणारा सेन्सर असतो आणि लक्स दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. आकडा अचूक नसतो, पण शंभर आणि पाच हजार यातला फरक तो नक्की दाखवतो. आपल्या घरात मुलं जिथे बसून अभ्यास करतात तिथे मोजा. वर्गात मोजा, मकतबमध्ये मोजा. मग गच्चीवर सावलीत मोजा. चार आकडे वहीत लिहा आणि पालकांच्या बैठकीत ठेवा. मी तासभर बोलून जे सांगितलं ते त्या चार आकड्यांनी अम्मीलाही पटेल आणि संस्थेच्या अध्यक्षांनाही.

लाल प्रकाशाच्या यंत्राबद्दल पुढच्या काही वर्षांत नवी माहिती येत राहील, कदाचित चांगलीही येईल. आली तर तिच्याकडेही याच प्रश्नांनी बघा: किती मुलांवर, किती वर्षं, अपाय शोधला होता का, आणि थांबवल्यावर काय झालं. तोपर्यंत आपल्या मोहल्ल्यातल्या पहिली-दुसरीच्या मुलांना रोज दोन तास उघड्यावर कसे मिळतील, याची यादी आजच करू. प्रश्नोत्तरांनंतर थांबा, कागद-पेन मी आणलं आहे.